साखर गोड लागेना

साखरबाबापुढे रांग लागली होती, आणि रांगेतला जो तो तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून बघत होता. आपली जीभ अजून आपलीच आहे ना, याची कुणालाच खात्री नव्हती.

खाऊच्या गोळ्यांच्या कारखान्याचं मागचं अंगण माणसांनी भरून गेलं होतं. उकडत होतं, पण पंख्याखाली जायला कुणी तयार नव्हतं. रांगेतली जागा गेली तर? बाबा साखरेच्या पोत्यांवर मांडी घालून बसला होता. शेजारी हिरव्या पानांची टोपली, समोर वाडग्यात साखर, आणि मागे राखेने आखलेलं भलंमोठं रिंगण. त्या रिंगणात माणसं मान खाली घालून गप्प बसली होती. त्यांच्या अंगात विष निघालं होतं.

"चावा," बाबा टेम्पोवाल्याच्या बायकोला म्हणाला. "नीट चावा. रस सगळ्या जिभेवर फिरवा. झोपलेलं विष बोलत नाही. आधी त्याला उठवावं लागतं."

तिने तोंड वेडंवाकडं करत पान चावलं आणि चोथा थुंकला. बाबाने चिमूटभर साखर तिच्या जिभेवर ठेवली. तिने तोंड मिटलं, आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो, वाळू लागतेय!" ती नवऱ्याकडे वळून ओरडली. "साखरेची वाळू झाली हो!"

अंगणभर एकच सुस्कारा उठला. टेम्पोवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं स्वतःचं विष आदल्याच दिवशी उतरलं होतं. मनगटावरचा काळा दोरा त्याची साक्ष देत होता.

"मूक दंश," बाबा शांतपणे म्हणाला. "कोळी चावतो, साप चावतो, माणसाला पत्ता नसतो. विष महिनोन्‌महिने दबा धरून बसतं. घाबरू नका, ताई. जीभ खोटं बोलत नाही. जा, रिंगणात बसा. पाणी प्यायचं नाही, बोलायचं नाही. मी बोलावलं की पुन्हा साखर."

तासाभराने तिला साखर गोड लागली, तेव्हा ती बाबाच्या पायांवर कोसळून रडली. आता यात न मानण्यासारखं काय होतं? विष दिसलं होतं आणि विष उतरलं होतं. तेही दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या जिभेवर.

कारखान्यातली माणसं मुळात भित्री नव्हती. अशा गरम मुलखात साखरेच्या कोठारात काम करायचं म्हणजे शेजार असणारच. सांडलेल्या साखरेला मुंग्या, मुंग्यांमागे पाली, पोत्यांना उंदीर आणि उंदरांमागे साप. कोठाराच्या खिडकीत हाताच्या पंजाएवढी एक कोळीण राहायची. दिवसभर कोपऱ्यात बसून सगळ्यांवर नजर ठेवते म्हणून तिला सगळे 'मॅनेजरीण' म्हणत. पोत्यांच्या थप्पीमागे एक जुनी धामण होती. ती सळसळत गेली की हमाल नुसते बाजूला सरकत आणि म्हणत, "जाऊ दे तिला, ड्यूटीवर आहे."

हे सगळं बदललं ते लंबू गेल्यापासून. लंबू हा कोठारातला हमाल, ताडमाड उंच आणि तब्येतीने दणकट. एका पहाटे जमिनीवरच्या अंथरुणातून तो पोट धरून उठला. पोटात मुरडतंय म्हणाला. कुणी ओवा दिला, कुणी पोट शेकलं. दिवस वर येईपर्यंत त्याला डोळे उघडवेनात, शब्द नाकातून यायला लागले, आणि दुपार व्हायच्या आत लंबू संपला. अंगावर कुठे दाताची खूण नाही, सूज नाही, काही नाही. धडधाकट माणूस अर्ध्या दिवसात कशाने मेला, हे कळेना. तेव्हापासून वस्तीत कुणाला धड झोप लागत नव्हती. पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते त्या दिवसांत सगळ्यांनी अनुभवलं.

अशा वेळी मुकादम बाबाला घेऊन आला. मालकांनीही हसतमुखाने अंगण मोकळं करून दिलं. जमिनीवर झोपणाऱ्यांना खाटा द्या, भिंतींची भोकं बुजवा, असं कामगार तेव्हा म्हणू लागले होते. खाटांपेक्षा बाबा स्वस्त पडला. बाबाने पहिल्याच दिवशी धामणीला मारायला लावलं आणि मॅनेजरणीला जाळ्यासकट जाळायला लावलं. गुन्हेगार मिळाले म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मग कोठारातले उंदीर दिवसाढवळ्या हिंडायला लागले, पण त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सगळे आपापली जीभ तपासून घेण्यात गुंतले होते.

त्या रांगेत एक दिवस पाकवालीही उभी राहिली.

पाकवाली म्हणजे कारखान्याची जीभच. साखरेचा पाक कढईत कधी झाला, त्यात लिंबाचं सत्त्व किती घालायचं, हे ती थेंबभर पाक गार पाण्यात टाकून, चाखून ठरवायची. तिची एक सवय होती. पाक चाखण्याआधी ती नेहमी कोऱ्या साखरेचा एक दाणा जिभेवर ठेवायची. सर्दी असली, तोंड आलेलं असलं, आधी काही तिखट खाल्लेलं असलं, तर जीभ फसवते. म्हणून आधी जीभ जागेवर आहे का ते बघायचं आणि मगच पाकाला नावं ठेवायची. नवरा गेल्यावर याच जिभेवर तिने एकुलत्या एका लेकीला वाढवलं होतं. लेक आता त्याच कारखान्यात गोळ्यांना कागद गुंडाळायची, आणि मायलेकी कोठाराला लागून असलेल्या खोलीत, जमिनीवर अंथरूण टाकून झोपायच्या. लंबूची खोली त्यांच्या भिंतीपलीकडची.

बाबासमोर बसल्याबरोबर पाकवालीचा हात सवयीने वाडग्यातल्या साखरेकडे गेला. बाबाने फटकन त्या हातावर मारलं.

"आधी पान!"

"एक दाणाच, बाबा. जीभ बघते."

"जीभ बघायला मी बसलोय ना? आधी पान, मग साखर. उलटं केलं तर विष अंगात पसरतं."

मागून मुकादम खेकसला, "मावशी, इथेसुद्धा तुमची पाकशाळा नको!" लोक हसले. ती ओशाळली आणि निमूटपणे पान घेतलं. भलतंच कडू होतं. निम्मं चावून उरलेलं निम्मं तिने कुणाला न दिसेल असं एप्रनच्या खिशात सरकवलं. मग जिभेवर साखर आली.

साखर नव्हतीच ती. नुसते खरखरीत दाणे. लंबूचे न उघडणारे डोळे समोर आले, आणि लगेच लेक आली. आपण गेलो तर या पोरीचं कोण?

ती रिंगणात जाऊन बसते न बसते तोच आतून हाक आली. लिंबाच्या गोळ्यांची कढई उतरायला झाली होती आणि दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. "विष उतरल्याशिवाय उठू नका!" बाबा ओरडला. पण पाक कुणासाठी थांबत नाही, अन् मालकांचा आरडाओरडाही नाही. ती धावत गेली. लिंबाचं सत्त्व घातलं, थेंब गार पाण्यात टाकला, चाखला. नुसता आंबटढाण. तिने आणखी साधा पाक मिसळला. तरी आंबटच. आणखी मिसळला. घामाने डबडबून ती चाखत राहिली आणि पाक ओतत राहिली. शेवटी तिने कढई ओट्यावर ओतली, गोळ्या पाडल्या, आणि ती भिंतीला टेकून बसली.

बऱ्याच वेळाने ओठाला लागलेला पाक तिने नकळत चाटला. गोड होता. उठून तिने ओट्यावरची एक गोळी तोंडात टाकली. गोडमिट्ट! लिंबाचं नावसुद्धा नाही. सगळी कढई वाया गेली होती.

मालकांची बोलणी तिने मुकाट्याने ऐकून घेतली, कारण तिच्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. रिंगणात ती बसली नव्हती. राख नाही, मंत्र नाही, दोरा नाही. मग विष उतरवलं कुणी? तिने मुकादमाला विचारलं.

"बाबांची कृपा लांबूनही लागू पडते, मावशी," तो म्हणाला. "शंका घेऊ नका. शंका घेणाऱ्यांवर उलटतं."

बाबा लोकांचं हे बरं असतं. उतरलं तर कृपा, नाही उतरलं तर शंका.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने दार लावून घेतलं. आधी साखर चाखली. गोड. मग खिशातलं कोमेजलेलं निम्मं पान चावलं, आणि पुन्हा साखर. वाळू! मीठ चाखलं, खारट. मिरची चावली, तिखट. लिंबू आंबट. सगळं जागच्या जागी होतं, फक्त गोडच तेवढं गायब. ती बसून राहिली, आणि कामाची घंटा व्हायच्या आधीच साखर पुन्हा गोड लागू लागली. एखादं विष इतकं शिस्तीचं असतं का? पानाबरोबर यायचं आणि वेळ झाली की जायचं?

तिने लेकीला सांगितलं. लेक म्हणाली, "आई, कुणाजवळ बोलू नकोस हं. आधीच कढई नासली म्हणून मालक चिडलेत. लोक म्हणतील, स्वतःची चूक झाकायला बाबांवर ढकलते."

पोरीचं खरं होतं. पाकवाली गप्प राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, उजाडता उजाडता, लेक पोट धरून अंथरुणात उठून बसली.

"आई, पोटात काहीतरीच होतंय."

पाकवालीच्या हातातलं भांडं खाली पडलं. लेकीला उलटी झाली. तोंड धुवायला उठली तर पाय लटपटत होते. आईने तिचे हात-पाय, मान, पाठ उलटसुलट करून पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नाही. मग लेकीने मान मागे टाकून तिच्याकडे पाहिलं. मानच मागे टाकावी लागली तिला, कारण पापण्या वर जात नव्हत्या.

"झोप येतेय का गं?"

"नाही. डोळेच उघडत नाहीत, आई." शब्द नाकातून आले होते.

पाकवाली किंचाळली तशी वस्ती गोळा झाली. "दवाखान्यात नेते," ती म्हणत होती, पण तिचं ऐकतो कोण? दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. परत येत नव्हता, कारण बाबा-बुवा सगळे करून होईपर्यंत त्याला कुणी तिथे नेतच नव्हतं, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नव्हतं. चार जणांनी लेकीला उचललं आणि अंगणात, बाबापुढे नेऊन ठेवलं.

बाबाने तोंड उघडलं ते नेहमीच्या थाटात, "मूक दंश! घाबरू नका..." आणि तिच्या पापण्यांकडे लक्ष जाताच तो मधेच थांबला. क्षणभरच. पण पाकवाली त्याच्या तोंडाकडेच बघत होती. इतक्या दिवसांत विषाला पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिल्यासारखा तो दिसला.

त्याचा हात टोपलीकडे गेला नाही. मांडीखालच्या फडक्यातून त्याने एक पान काढलं. दिसायला तसंच. लेकीला धड चावता येत नव्हतं. कसंबसं तिने चावलं. मग साखर.

"कशी लागते, बाळ?"

"गोड," लेक म्हणाली. शब्द ओळखू येण्याजोगा राहिला नव्हता.

"गोड!" बाबाने दोन्ही हात वर केले. "विष नाही! अपचन आहे. घरी न्या, अंधाऱ्या खोलीत निजवा. कुणी उठवायचं नाही. संध्याकाळी स्वतःहून उठून बसेल."

अंगणातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुणी पाकवालीच्या पाठीवरून हात फिरवला. क्षणभर तिलाही वाटलं, असेल, अपचनच असेल. कुठल्या आईला तसं वाटणार नाही? ती लेकीच्या कानाशी वाकली.

"पान कडू होतं का गं?"

लेकीने मान हलवली. नाही.

पाकवाली ताठ उभी राहिली. तिने खाल्लेल्या पानाचा कडूपणा तिला मेल्यावरसुद्धा आठवला असता. तिने टेम्पोवाल्याचा दंड पकडला.

"टेम्पो काढ. सरकारी दवाखान्यात."

"मावशी, टेम्पोत माल भरलाय. आणि बाबा म्हणाले ना, विष नाही म्हणून..."

"तुझं विष उतरलंय ना? दोरा बांधलाय ना हातात?"

"हो."

"आता जन्मात तुला विष चढणार नाही, असंच सांगितलं ना त्यांनी?"

"हो, पण..."

तिने वाडग्यातली साखर मुठीत घेतली आणि चिमूटभर त्याच्या तोंडात कोंबली. "कशी आहे?"

"गोड आहे, मावशी. साखर गोडच लागणार."

मग बाबाला काही कळायच्या आत तिने टोपलीतलं पान उचललं. "चाव हे. माझ्या गळ्याची शपथ, चाव."

"त्या पानाला हात लावू नका!" बाबा ओरडला. "माझ्या हातून घेतलं नाही तर..."

टेम्पोवाला चावून मोकळा झाला होता. पाकवालीने पुन्हा साखर त्याच्या जिभेवर ठेवली. तो थांबला. जीभ टाळूला घासून त्याने पाहिलं, आणि त्याचे डोळे विस्फारले.

"वाळू," तो हळूच म्हणाला.

"कुठला साप चावला रे तुला? आत्ता, माझ्यासमोर, उभ्या उभ्या?"

मुकादम पुढे झाला, "अहो, हा कसला पोरखेळ..."

"तुम्हीही चावा, मुकादम! सगळे चावा! फक्त आधी साखर खा. आधी साखर खाऊन बघितली का रे कुणी इतक्या दिवसांत? माझा हात गेला तर त्यावर मारलं यांनी. का मारलं?" तिचा आवाज फाटला होता. "माझ्या पोरीला पान दुसरं दिलं. कारण तिला खरंच चावलंय, आणि ती इथे मेली तर यांचं दुकान बंद होईल. म्हणून अंधाऱ्या खोलीत निजवा!"

टेम्पोवाल्याने पुढचं ऐकलंच नाही. तो धावत सुटला होता. गोळ्यांची खोकी त्याने रस्त्यावर भिरकावली, आणि लेकीला आडवं घालून टेम्पो सुटला.

त्या रस्त्याची आठवण पाकवाली आजही काढत नाही. लेकीचे डोळे मिटलेले, लाळ गळतेय, छाती वर येतेय ती दर वेळी थोडी कमी. एकेक श्वास आई मोजत नव्हती, मागून घेत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी वर करून पाहिली, आणि एकच विचारलं, "जमिनीवर झोपते?"

"हो."

"मण्यार," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे हात भराभर चालू लागले. सलाईन, औषधाच्या कुप्या, घशात नळी, नळीला रबरी पिशवी. "सापाच्या विषावरचं औषध सुरू केलंय. पण तिचे श्वासाचे स्नायू थकलेत. श्वास आपण द्यायचा. मोठ्या इस्पितळात यंत्र आहे, तिथे पोचेपर्यंत ही पिशवी दाबत राहायची. थांबायचं नाही. जमेल?"

जन्मभर पाक घोटलेल्या हातांना त्या काय विचारत होत्या! रुग्णवाहिकेत पाकवाली पिशवी दाबत राहिली. हात भरून आले की टेम्पोवाला, तो दमला की पुन्हा ती.

"बोला तिच्याशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला सगळं ऐकू येतंय. फक्त डोळे उघडता येत नाहीत आणि बोलता येत नाही."

आई रागावूच लागली. "ऊठ म्हणते ना! कागद कोण गुंडाळणार तुझ्या वाटणीचे? ऐकतेस ना? मला एकटीला टाकून गेलीस तर याद राख." डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हात थांबत नव्हते.

इकडे अंगणात काय झालं, ते तिला मागाहून कळलं. टेम्पोवाल्याच्या बायकोने आधी साखर खाल्ली, मग पान, मग साखर, आणि ती वाळू बाबाच्या अंगावर थुंकली. मग एकेकाने खाल्लं. मुकादमानेही खाल्लं. शेवटी लोकांनी टोपली बाबापुढे धरली. चावा म्हणाले. आपल्याला नागाचंही विष चढत नाही असं सांगणारा बाबा पानाला भ्याला. दात घट्ट मिटून बसला. त्या मिटलेल्या दातांनी सगळं सांगून टाकलं.

लेक वाचली. बरेच दिवस यंत्र तिचा श्वास घेत होतं. मग एका सकाळी तिचा तिने घेतला. डॉक्टरीणबाई एका सुट्टीच्या दिवशी कारखान्यात आल्या, टोपलीतलं पान हातात धरून सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या, आणि साध्या शब्दांत म्हणाल्या, "ही कुंपणावर चढणारी रानवेल आहे. काही लोक हिला मधुनाशिनी म्हणतात. हिच्या रसातलं द्रव्य जिभेवर गोड ओळखणाऱ्या जागा अडवून ठेवतं. खारट, आंबट, कडू, तिखट सगळं कळतं, गोड तेवढं कळत नाही. अर्ध्या-पाऊण तासात, फार तर तासाभरात, लाळेने ते धुऊन जातं आणि साखर पुन्हा गोड लागते. विष चढलंही नव्हतं आणि उतरलंही नाही. राखेच्या रिंगणात तुम्हाला बसवलं होतं ते जीभ धुतली जाईपर्यंत वेळ काढायला."

"आणि ज्यांना विष नाही असं सांगितलं, ते?" कुणीतरी विचारलं.

"त्यांना साधं पान. ज्याला खरंच साप चावलाय असं दिसेल, त्यालाही साधंच. म्हणजे तो घरी जाऊन मरेल."

लोक एकमेकांकडे बघेनात.

"लंबूला मण्यारच डसली होती," बाई पुढे म्हणाल्या. "ती झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात. तुम्ही धामण मारलीत. ती बिनविषारी, तुमचे उंदीर खायची. ती कोळीण आजवर कुणाला चावली होती का? ती झुरळं खायची. ज्यांच्याबरोबर सुखाने नांदत होतात त्यांना मारलंत, उंदीर वाढवलेत, आणि जे एकदा येऊन गेलं होतं ते उंदरांच्या वासावर पुन्हा आलं."

लंबूची म्हातारी आई मागे उभी होती. ती एवढंच म्हणाली, "माझ्या पोराला तेव्हाच आणलं असतं तर?" त्याचं उत्तर सगळ्यांना समजलं होतं, आणि ते कुणाला ऐकायचं नव्हतं.

आता त्या वस्तीत खाटा आहेत. मालकांनी त्या आनंदाने दिल्या नाहीत. कामगार कोठाराच्या दारात बसले तेव्हा दिल्या. मच्छरदाण्या गादीखाली खोचलेल्या असतात, भिंतींची भोकं बुजवली आहेत, सांडलेली साखर रोज झाडली जाते. खिडकीत एक नवी कोळीण आली आहे आणि तिला बढती मिळाली आहे. आता तिला 'मालकीण' म्हणतात. कुणाला काही चावलं, किंवा चावल्याची नुसती शंका आली, तर ना चिरणं, ना आवळून बांधणं, ना मंत्र. हात-पाय न हलवता थेट दवाखाना. टेम्पो रिकामा असो की भरलेला.

मुकादम मात्र कधीकधी म्हणतो, "काही म्हणा, माणसात तेज होतं." अक्कल गहाण टाकलेली माणसं ती इतक्या सहजासहजी सोडवून आणत नाहीत. आणि बाबा? त्याला पोलिसांनी धरलं होतं. तो जामिनावर सुटला. कुठल्याशा विटांच्या कारखान्यात, माणसं जमिनीवर झोपतात अशा ठिकाणी, एक बाबा आला आहे असं टेम्पोवाला परवा सांगत होता. समोर टोपली असते म्हणे. कदाचित उद्या ती टोपली तुमच्या दारात येईल. पान निराळं असेल, साखरेच्या जागी आणखी काही असेल, पण तुमच्याच जिभेला तुमच्याविरुद्ध साक्षीला उभं केलं जाईल. त्या वेळी फार शहाणपण लागत नाही. पाकवालीने केलं तेवढंच करा. पान तोंडात घालण्याआधी साखर मागा. आणि जो तुमच्या हातावर मारेल, त्याच्यासमोरून उठा.

लेक इस्पितळातून घरी आली त्या दिवशी कुणीतरी तिच्या हातावर गोळी ठेवली, त्याच नासलेल्या कढईतली. तिने ती तोंडात टाकली.

"गोड आहे, आई," ती हसून म्हणाली. "फारच गोड."

पाकवालीने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"जिभेचं मला सांगू नकोस," ती म्हणाली. "डोळे वर कर. आणखी वर. हं, आता बघ माझ्याकडे."